डिस्ट्रिक्ट एकच, पण एका शाळेत गिफ्टेडचा वर्ग आणि दुसरीत नाही. काय करावं?

अमेरिकेत ज्यांची मुलं पब्लिक एलिमेंटरीत आहेत त्यांचा सल्ला हवाय.

मुलगी तिसरीत आहे. उन्हाळ्यात घर बदललं. स्कूल डिस्ट्रिक्ट (एकाच बोर्डाखालच्या शाळा) तोच, म्हणून शाळा बदलल्याने फार फरक पडणार नाही असं धरून चाललो होतो. जुन्या शाळेत कॉगॅट (विचारक्षमतेची चाचणी) देऊन ती गिफ्टेडमध्ये (जास्त हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गात) गेली होती आणि गणित रोज वेगळ्या वर्गात व्हायचं. नव्या शाळेत यादीत नाव आहे, वर्ग नाही. तीन शाळा सांभाळणाऱ्या एक टीचर आठवड्यातून एकदा येतात आणि पाऊण तास कोडी सोडवून घेतात. बाकी दिवस ही दहा मिनिटांत वर्कशीट संपवून गोष्टीचं पुस्तक काढते. (वाचते ते बरंच आहे, पण गणिताच्या तासाला?)

प्रिन्सिपलना भेटले. त्या म्हणाल्या, पात्र मुलं चारच, चौघांसाठी शिक्षक मिळत नाही. पण चारच का? आमच्याकडे चाचणी सरसकट होत नाही. पालकांनी फॉर्म भरला किंवा शिक्षकांनी नाव सुचवलं तरच होते. जुन्या शाळेत झाडून सगळे फॉर्म भरायचे, मलाही तो दुसऱ्या आयांकडूनच कळला. इथे दोघींना विचारलं, तर असा फॉर्म असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

फक्त गणितासाठी चौथीत बसू द्या, असं कोणी मागून मिळवलंय का? ट्रान्स्फर घेऊन जुन्या शाळेत परत जाता येईल, बस मात्र मिळणार नाही. नवरा म्हणतो, घेऊन टाक. माझं मन होत नाही. आम्ही गेलो की चाराचे तीन होणार.

प्रतिसाद १:
गिफ्टेडचे वर्ग चालवायलाच हवेत असा केंद्राचा कायदा नाही, राज्यागणिक नियम वेगळे. त्यामुळे आधी तुमच्या राज्याचे नियम वाचा. गणिताची मागणी ईमेलने करा, तोंडी बोलणं हवेत विरतं. आणि दोन्ही इयत्तांचं वेळापत्रक मागवा, कारण बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं.
फॉर्मचं म्हणाल तर फ्लोरिडातल्या ब्राउर्ड काउंटीचं उदाहरण बोर्डाच्या मीटिंगमध्ये सांगा. २००५ पासून त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली आणि गिफ्टेडमध्ये गरीब, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक मुलं बरीच वाढली. पुढे पैसे आटले, चाचणी थांबली आणि तफावत परत आली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांचा त्यावर अभ्यास आहे.

धागाकर्ती:
वेळापत्रक पाहिलं. चौथीचं गणित नेमकं हिच्या लायब्ररीच्या आणि जेवणाच्या सुट्टीच्या वेळात आहे. लायब्ररी सोडायला ती एका पायावर तयार आहे, सुट्टी सोडायला नाही. ईमेल आज रात्री लिहिते. फॉर्मची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली, तिघींनी लगेच विचारलं, शेवटची तारीख कधी?