मणि कौल यांचे सिनेमे कसे बघायचे? आणि ते शिकवायचे नक्की काय?

नेरूळ_सीवूड्स
नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, जॉब ऐरोलीला. शनिवारी गाणं शिकायला जाते, तिथे ताई पनवेलजवळच्या पळस्प्याच्या धृपद (शास्त्रीय गाण्यातला जुना, संथ प्रकार) गुरुकुलाबद्दल सांगत होत्या, उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा शिकवायचे वगैरे. बोलता बोलता म्हणाल्या की मणि कौल नावाचे सिनेमा दिग्दर्शक डागर उस्तादांकडे कित्येक वर्षं धृपद शिकले आणि नंतर स्वतःही शिकवायचे, गाणंही आणि सिनेमाही. मला फार कुतूहल वाटलं. घरी येऊन त्यांचा 'उसकी रोटी' लावला, पण पाऊण तासात बंद केला, काही घडतच नाही असं वाटलं आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. मला खरंच समजून घ्यायचंय. सुरुवात कुठून करू? आणि एवढे वेगळे सिनेमे काढून माणूस जगला कसा?

साउंडवाला_कळवा
ताई, आधी एक सांगतो, त्यात तुमची काही चूक नाही, 'उसकी रोटी' पहिला बघायचाच नाही. त्यांचा पहिला तो (१९७०), पण बघणाऱ्याचा पहिला 'दुविधा' (१९७३) असावा. गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नवरा लग्नानंतर लगेच व्यापाराला निघून जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन बायकोकडे येतं, राजस्थानी लेखक विजयदान देथांची कथा, त्यावरच पालेकरांनी २००५ मध्ये 'पहेली' केला. दोन्ही लागोपाठ बघा. 'दुविधा'त लाल आणि पांढरा रंगच अर्धी गोष्ट सांगतात आणि त्यात राजस्थानी लोकसंगीत.

आता 'उसकी रोटी'बद्दल. गोष्ट एवढीच की बालो रोज ड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन बस स्टॉपवर थांबते. मणि कौलनी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या. २८ मध्ये मागचं पुढचं सगळं स्पष्ट, १३५ मध्ये चेहरा नाहीतर हात आणि मागचं सगळं विरघळलेलं. म्हणजे बाई उभी आहे ते जग आणि तिच्या मनात चाललंय ते, आणि सिनेमा पुढे सरकतो तसतसं कुठलं कुठलं हेच आपल्याला कळेनासं होतं. तुम्ही गाणं शिकताय ना, मग आलाप ऐकताना 'पुढे काय होणार' असं विचारत नाही तुम्ही, सूर किती वेळ टिकला आणि कुठे वळला ते ऐकता. तसंच बघायचं. ऐकायचंही, हेडफोन लावून, शांततेत काय काय वाजतंय ते.

घंटाळी_नाका
शिकवण्याबद्दल थोडं. मणि कौल मूळचे जोधपूरचे, जन्म १९४४, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९६६ ला बाहेर पडले. तेव्हा तिथे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक उपप्राचार्य होते, दिग्दर्शक कुमार शहानी मणि कौलांच्याच काळातले विद्यार्थी. गुरू घटक, पण सिनेमा बघा तर घटकांसारखा अजिबात नाही! घटकांकडे सगळं उसळून बाहेर येतं, मणि कौलांकडे सगळं आवरलेलं. मला वाटतं खरं शिकणं हेच, गुरूची नक्कल न करणं. आणि आपण सिनेमे काढतो, आता कुणाकडे कशाला बसायचं, असं न म्हणता हा माणूस उस्तादांसमोर शिष्य म्हणून बसला. मग 'ध्रुपद' (१९८२) हा माहितीपट आला. त्यात जंतर मंतर, जुने महाल आणि शेवटी कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून कितीतरी वेळ फिरत राहतो, मागे आलाप. पनवेल लोकलमधून झोपडपट्टी आणि टॉवर बघताना मला तो शॉट आठवतोच आठवतो.

मराठी लोकांसाठी अजून एक, 'आषाढ का एक दिन' (१९७१) मध्ये कालिदास म्हणजे आपले अरुण खोपकर आणि मल्लिका रेखा सबनीस.

मी_कोपरखैरणेकर
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. हे सिनेमे सरकारी कर्जावर निघाले आणि थिएटरात फारसे पोचलेच नाहीत. पैसे द्यायचे पब्लिकने आणि बघायचे मोजक्यांनी? माझे वडील तेव्हा ठाण्यात दर रविवारी सिनेमाला जायचे, त्यांनी यातलं एकही नाव कधी ऐकलं नाही.

साउंडवाला_कळवा
दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पोचले नाहीत. पण तो दोष सिनेमाचा का वितरणाचा? सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने कर्ज दिलं, दाखवायला थिएटर दिलं नाही. आणि सगळं काही सरकारी पैशावर नव्हतं. 'दुविधा'ला चित्रकार अकबर पदमसींची मदत होती. 'घाशीराम कोतवाल' (१९७६) तर तरुण पोरांनी युक्त नावाची सहकारी संस्था काढून केला, तेंडुलकरांचं नाटक, नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. नंतर मणि कौल हार्वर्डला शिकवायला गेले, नेदरलँड्समध्ये संगीत शिकवलं. २०११ मध्ये गेले.

ताईंनी विचारलं ना जगला कसा, तर माझ्या मते शिकवण्याने पैसे आलेच असतील, पण मुख्य म्हणजे शिकवताना त्यांचा विचार चालू राहिला. मी स्वतः वीकेंडला पोरांना साउंड शिकवतो म्हणून सांगतो, वर्गात एखाद्या पोराने 'सर, इथे आवाज का काढला?' विचारलं की पुढच्या कामात हात वेगळाच चालतो.

नेरूळ_सीवूड्स
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री 'दुविधा' बघितला, एकदाही थांबवला नाही. नवरीचा चेहरा आणि तिच्या मनातलं बोलणं वेगवेगळं चालतं, ते दोनदा मागे जाऊन ऐकलं. कोपरखैरणेकर दादा, वडिलांना दाखवा ना, लोककथा आहे, त्यांना आवडेल. रविवारी 'ध्रुपद' लावतेय, ताईही येतायत माझ्याकडे.

मी_कोपरखैरणेकर
दाखवतो. आवडला नाही तरी इथे येऊन खरं तेच सांगेन.