मदत हवी आहे: अंगणात दाणे टिपायला येणारे होले आजारी पडायलेत, दाणे बंद करू का?

आम्ही परभणीत राहतो, वसमत रोडच्या बाजूला. बैठं घर आहे, पुढं अंगण, त्यात कडुलिंब आणि कुंपणाला जास्वंद. सासूबाई रोज सकाळी पूजा आटोपली की पाखरांना जोंधळा टाकतात. सासरे होते तेव्हापासूनची ही रीत. खळं झालं की गावाकडून कणसांची एक जुडी यायची आणि चिमण्यांसाठी वळचणीला टांगली जायची. आता शेत बटईनं दिलंय, पण जुडी अजून येते.

यंदा दिवाळीनंतर थंडी पडली तशी गर्दी वाढली. चिमण्या, साळुंक्या, बुलबुलाची एक जोडी, मुनियांचा थवा आणि सगळ्यात जास्त होले. आधी आठ-दहा असायचे, डिसेंबर लागेपर्यंत तीस-पस्तीस झाले, वर पारवे. सासूबाईंनी दाण्याचा परळ मोठा आणला आणि शेजारीच पाण्याचा ठेवला, दोन्ही कडुलिंबाखाली सावलीत.

गेल्या सोमवारी एक होला भिंतीच्या कडेला बसलेला दिसला, लोकरीच्या गुंड्यासारखा अंग फुगवून. मी झाडत झाडत दोन हातांवर गेले तरी उडाला नाही. डोळे अर्धे मिटलेले. थोड्या वेळानं चालत परळापाशी आला, जोंधळ्याचा दाणा उचलला, मान दोन-तीनदा वर ताणली आणि दाणा तसाच चोचीतून खाली पडला. परत उचलला, परत पडला. मी झाडू हातात धरून बघत राहिले, एकही दाणा आत गेला नाही. चोचीभोवतीची पिसं ओली, चिकट होती आणि गळ्याला एका बाजूला फुगवटा. मग पाण्यात चोच घालून नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंदीखाली मेलेला सापडला. गुरुवारी आणखी एक गेला. आज तिसरा फुगून बसलाय.

शेजारचे काका म्हणतात हा बर्ड फ्लू आहे, दाणे आजच्या आज बंद करा. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्या मेल्या होत्या, २०२५ ला उदगीरला कावळे मेले, तेही बर्ड फ्लूनंच. घरात चार वर्षांची मुलगी आहे, तिचा सगळा खेळ त्याच अंगणात. दुसरीकडं सासूबाईंपाशी विषय काढला की त्या गप्प होतात. काल एवढंच म्हणाल्या, "थंडीवाऱ्याचं पाखरांनी जावं कुठं, माय?"

जोंधळा मी स्वतः निवडून ठेवते. कीड नाही, कुबट वास नाही. तरी हे दाण्यामुळं होत असेल का? बंद केलं तर एवढी पाखरं उपाशी मरतील का? आणि आजारी होल्याला धरून काही औषध देता येतं का? कुणी हे बघितलं असेल तर कृपा करून लवकर सांगा.

अजून एक, याच्याशी संबंध नाही. चिमणीएवढा काळा पक्षी आहे, पोट आणि शेपूट विटकरी, शेपूट सारखी थरथरत असते. नोव्हेंबरपासून रोज कुंपणावर येतो पण दाण्याकडं बघतसुद्धा नाही. त्याला काय ठेवावं?

प्रतिसाद (लातूर)

ताई, दाणे आणि पाणी दोन्ही आजच थांबवा. मी वीस वर्षं कबुतरं पाळतो. दाणा उचलून पडणं, मान ताणणं, ओली चोच, गळ्याला फुगवटा, हे सगळं कँकरसारखं दिसतंय. ट्रायकोमोनास नावाचा डोळ्याला न दिसणारा परजीवी घशात वाढतो. तिथं पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर साचतो, गिळणं बंद होतं आणि पक्षी भरल्या दाण्यापुढं उपाशी मरतो. पारवे आणि होले यांच्यातच हा जास्त. आजाऱ्याच्या चोचीतून पडलेला ओला दाणा दुसरा उचलतो, दोघं एकाच पाण्यात चोच बुडवतात, की पसरला. तुमच्या जोंधळ्यात खोट नाही, तीस पाखरांची लाळ एका परळात जाते तिथं खोट आहे. सावलीत ठेवल्यानं ओल राहते, तेही वाईट. हा जंतू ओल्यात टिकतो, वाळला की मरतो.

मातीचा परळ पाणी पितो, कितीही घासला तरी खात्री नाही. तो फोडून पुरून टाका. पुढं स्टीलची ताटली वापरा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायची, खळखळून धुवायची, कडक उन्हात वाळवायची. झाडाखालचा सगळा दाणा आणि विष्ठा गोळा करा.

औषधाचं म्हणाल तर पाळीव कबुतराला देतात, पण डॉक्टर वजन बघून देतात. रानच्या पाखरांच्या पाण्यात गोळी विरघळवू नका. कोण किती प्यायलं ते कळत नाही.

कँकर माणसाला होत नाही. पण आजारी पाखराच्या विष्ठेतून पोटाचे दुसरे आजार येऊ शकतात, तेव्हा हातमोजे घाला, साबणानं हात धुवा आणि लेकराला तिकडं जाऊ देऊ नका. बर्ड फ्लू नाही असं मी इथं बसून म्हणणार नाही, ते तपासूनच कळतं. मेलेला होला उघड्या हातानं धरू नका, चोच उघडून बघू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा. तुमच्या गावात तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. आसपास कावळे किंवा कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर तासाचाही उशीर नको.

प्रतिसाद (जिंतूर)

काकूंना माझ्याकडून सांगा, पाखरं उपाशी मरणार नाहीत. बर्फ पडतो त्या मुलखात थंडीत दाण्याचा मोठा आधार असतो. आपल्याकडं थंडी म्हणजे पाखरांची सुगी. खरिपाचा सांडलेला दाणा रानात आहे, बांधावरच्या गवताला बी आहे, आणि पुढं जोंधळा हुरड्यात येतो. त्याच दिवसांत भोरड्यांचे थवेच्या थवे मध्य आशियाकडून येऊन आपल्या शिवारात उतरतात. आम्हाला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावी लागते. इथल्या पाखरांचे खरे हाल एप्रिल-मेमध्ये, आणि तेही दाण्यापेक्षा पाण्याचे. काकूंची माया तेव्हा जास्त कामी येईल. पाणी मात्र रोज बदलायचं.

तुमचा काळा पाहुणा थिरथिरा आहे, नर. मादी भुरकट असते. हिमालयाकडून आणि त्याच्या पलीकडून येतो, मार्च-एप्रिलात परत जातो. किडे खातो, म्हणून दाण्याला शिवत नाही. जास्वंदीखालचा पाला झाडू नका आणि झाडांवर फवारा मारू नका, एवढं त्याला पुरे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. त्याच संध्याकाळी सगळं बंद केलं. तिसरा होला रात्रीतून गेला. सकाळी यांनी हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी घसा बघितला, पिवळा थर होता. त्यांनीही कँकरच सांगितलं. लक्षणं बर्ड फ्लूची वाटत नाहीत, पण आणखी पाखरं मेली तर लगेच कळवा म्हणाले. शेजारच्या काकांना मी स्वतः जाऊन सांगून आले. त्यांनी झाडाखालची जागा साफ करायला मदत केली.

पहिले चार दिवस होले कंपाउंडच्या भिंतीवर रांगेनं येऊन बसायचे. सासूबाई दार लावून घ्यायच्या, त्यांच्याच्यानं बघवत नव्हतं. पाचव्या दिवसापासून निम्मे झाले, आता दोन-तीनच येतात. आज अठरावा दिवस, नवीन आजारी एकही दिसला नाही. पाला झाडणं थांबवल्यापासून थिरथिरा जास्वंदीच्या बुडाशी उतरायला लागलाय. मुलगी खिडकीतून त्याच्या शेपटीची नक्कल करते.

आता एकच विचारायचंय. महिना झाल्यावर परळ न मांडता वळचणीला फक्त कणसांची जुडी टांगली तर चालेल का? होल्याला कणसाला लटकता येत नाही, चिमण्या-मुनियांना येतं, असा माझा अंदाज. खाली दाणा सांडेल तो रोज संध्याकाळी मी झाडून घेईन. सासूबाईंनी जुडी काढून उन्हात ठेवलीय.