मुंबईला तिसरं विमानतळ अन् आम्ही टाळ्या वाजवायच्या?

उंबर्डेकर
तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल एकानं लांबलचक पोस्ट टाकली. मूळचा इथलाच, आता खारघरला. सार एवढंच: नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं तरी पुरणार नाही, पालघरकडे वाढवणला तिसरं आणि पुरंदरला पुण्याचं तातडीनं झालं पाहिजे, विदर्भवाल्यांनी मधेच अनुशेष काढून खोडा घालू नये. वर विचारतो, "तुमच्याकडे विमानात बसणारे आहेत किती?"

हे वाक्य डोक्यात गेलं. ग्रुपवर उत्तर दिलं असतं, पण तिथला अ‍ॅडमिन विषय तापला की गुलाबाचं फूल टाकून मोकळा होतो. म्हणून इथे.

मुंबईत गर्दी विमानतळ लहान आहे म्हणून झाली का? मंत्रालय तिथे, बँकांची मुख्य ऑफिसं तिथे, कॅन्सरचा पेशंट घेऊन जायचं तर परळ. सगळं एका जागी गोळा तुम्हीच करायचं, आणि गर्दी झाली म्हणून पैसाही तिथेच ओतायचा. नवी मुंबईच्या नुसत्या पहिल्या टप्प्याला १९,६५० कोटी लागले. इकडे अकोल्याचं शिवणी विमानतळ १९४३ चं, धावपट्टी १४०० मीटर. वाढवायची म्हटलं की कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी गाडी अडते, पिढ्या बदलल्या तरी तिथेच. यवतमाळचं २००९ मध्ये खासगी कंपनीला भाड्यानं दिलं, प्रवासी विमान काही आलं नाही. नागपूरचा मिहान प्रकल्प म्हणे देशाच्या मध्यावरचं कार्गो हब, म्हणजे मालवाहतुकीचं केंद्र, होणार होतं. नागपूरला आजही वर्षाला तीस लाख प्रवासी भरत नाहीत आणि दुसऱ्या धावपट्टीची नुसती वाट पाहणं सुरू आहे.

आधी ती धावपट्टी करा, मग वाढवणचं बोला.

खारघरकर
पोस्ट माझी आहे. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, मी काही लपलेलो नाही.

तुम्हीच लिहिता नागपूरला तीस लाख भरत नाहीत, आणि तुम्हीच दुसरी धावपट्टी मागता. कोणासाठी? मुंबईला वर्षाला पाच कोटींच्या वर माणूस जातो. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दिवसाला नऊशेच्या वर विमानं एका पट्टीवरून. जगात असं फार ठिकाणी नाही.

आता तुमच्या फायद्याचं सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालं. आठवड्यातून तीनच दिवस, तेही मुंबईला पोहोचेस्तोवर संध्याकाळ. सगळ्यांनी शिव्या घातल्या, तुम्हीही घातल्या असतील. सकाळचं का नाही दिलं? कारण सकाळी मुंबईत उतरायला स्लॉट, म्हणजे राखीव वेळ, नाहीच! सत्तर-बहात्तर सीटच्या छोट्या एटीआर विमानाला कोण जागा देणार, त्याच वेळेत दोनशे माणसांचं विमान उतरत असताना? मुंबईची कोंडी फुटली तरच अमरावती, गोंदियाला धड वेळ मिळेल. तुम्ही वाढवणला नाही म्हणता तेव्हा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेता.

आणि हे काम एका रात्रीत होत नसतं. नवी मुंबईची चर्चा १९९७ पासून, पायाभरणी २०१८, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, पहिलं प्रवासी विमान २५ डिसेंबरला. उलव्याची टेकडी फोडा, नदी वळवा, दहा गावं उठवा. गर्दी झाल्यावर ठरवून चालत नाही.

धुऱ्यावरचा
बाप्पा, तुमचं स्लॉट-फिलॉट ठेवा बाजूले. आमच्या पांदणीतून जुलै ते दसरा बैलबंडी जात नाही. खताची बॅग डोक्यावर घेऊन मांडीभर गाऱ्यातून जा लागते. कापूस घरी आणाचा त मजूर म्हणते वावरातून रस्त्यालोक आणाचे वेगळे पैसे दे. तुमी आकाशातल्या रस्त्यासाठी भांडून रायले, अन् आमाले जमिनीवरचा भेटत नाही. चालू द्या.

खारघरकर
पांदण रस्ता ग्रामपंचायत आणि तहसीलचा विषय आहे. विमानतळाच्या पैशातून पांदण होत नसते.

धुऱ्यावरचा
हौ ना भाऊ, आमच्यासाठी कोणताच पैसा कोणत्याच विषयातला नसते. तुमी खारघरले डांबरावर बसून तहसील शिकवा.

मामाचं वावर
दहा गावं उठवा, असं एका ओळीत लिहून मोकळे झालात. ज्याचं घर उठतं त्याला विचारा.

माझ्या मामाचं वावर नागपूरकडच्या एका प्रकल्पात गेलं. नाव घेत नाही, अजून कोर्टात आहे. नोटीस आली तेव्हा मामी तुरी खुडत होती, मी तिथेच होते, शाळेला सुट्ट्या होत्या. पहिला चेक आला तो तीन भावांत वाटला गेला, त्यात एकानं ट्रॅक्टर घेतला, एकानं लग्न केलं, मामानं घर बांधायला काढलं ते स्लॅबपर्यंत येऊन थांबलं. त्याच प्रकल्पाच्या गेटवर आता मामेभाऊ सिक्युरिटीत आहे, तेही ठेकेदाराकडून. रोज स्वतःच्या विहिरीच्या जागेवरून ड्युटीला जातो.

नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या पनवेलच्या लोकांना निदान साडेबावीस टक्के विकसित जमीन तरी मिळाली, कारण त्यांच्यामागे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी १९८४ पासून उभी केलेली लढाई होती. पुरंदरच्या सात गावांनी २०२५ मध्ये तेच केलं, मोजणीचा ड्रोन पाहिला की रस्त्यावर यायची. विदर्भात असं कोणी उभं राहिलं नाही म्हणून आमची जमीन स्वस्तात गेली. म्हणून उंबर्डेकरांनाही माझं सांगणं आहे, धावपट्टी मागताना जरा जपून. ती कोणाच्या तरी वावरातूनच जाते.

सरकी
मला एक सांगा, विमान मागताय कशाला? होती ती शकुंतला रेल्वे परत द्या! मूर्तिजापूर ते यवतमाळ, मूर्तिजापूर ते अचलपूर. माझी आई माहेरी जायची ती याच गाडीनं. गार्डच तिकीट फाडायचा. गरीब माणूस जाऊ शकेल अशी तेवढी एकच गाडी होती वऱ्हाडात.

उंबर्डेकर
धागा विमानतळाचा आहे.

सरकी
धागा विदर्भाला काय मिळालं याचा आहे. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन चालवलं आमच्यासाठी, यावरून कळतं आमची किंमत. २०१६ ला रुंदीकरणाची घोषणा झाली. रूळ कुठे आहेत? जाऊन बघा, बाभळीत शोधावे लागतात.

बागवान मोर्शी
आता कोणीतरी म्हणेल की खाली उतरून बोरं तोडून परत गाडीत चढता यायचं. कृपा करून ती गोष्ट आता बंद करा. ती गाडी कोणी मारली नाही, लोकांनीच सोडली. अर्धा दिवस कोण बसणार, बाहेर काळी-पिवळी उभी असताना? जे रडतात त्यांतले निम्मे शेवटच्या दहा वर्षांत एकदाही बसले नसतील.

सरकी
तुम्ही बसला नसाल. मोर्शीवाल्यांचा शकुंतलेशी संबंधच काय? आम्ही बसलो, डबे भरून जायचे. रस्ता झाला म्हणून गाडी बंद करायची, तर समृद्धी झाला म्हणून नागपूर-मुंबई रेल्वे बंद करा की!

बागवान मोर्शी
डबे भरून? दोन-चार डबे होते साहेब. भावना आणि वेळापत्रक यात फरक असतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज होतंय, २०२४ ला कळंबपर्यंत गाडी आली सुद्धा. त्याच्यामागे लागा.

सरकी
२००९ ला भूमिपूजन, पंधरा वर्षांत वर्धा ते कळंब. हे तुम्ही कौतुकानं सांगताय की टोमणा मारताय, तेवढं स्पष्ट करा. आणि कळंबहून अचलपूरला कसं जायचं तेही.

धुऱ्यावरचा
पायी. पांदणीनं.

बागवान मोर्शी
असो. मुद्द्यावर. कार्गो हबचं ऐकून आमच्याकडे कित्येकांनी संत्र्याची कलमं वाढवली. विमानानं संत्रा परवडत नाही. किलोला भाडं किती आणि बागेत भाव किती, हे गणित सातवीतलं पोट्टं करेल. आमचा माल ट्रकनं बांगलादेशच्या सीमेवर जातो, आणि तिथे आयात शुल्क वाढलं की इकडे बागेत सडा पडतो. त्यावर धावपट्टी कितीही लांब केली तरी उपयोग नाही. मला शीतगृह आणि रसाचा कारखाना द्या. यात मी खारघरकरांच्या बाजूनं, पण त्यांचं "बसणारे किती" हे वाक्य मात्र उर्मटच होतं.

खारघरकर
वाक्य मागे घेतो. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

उंबर्डेकर
घ्या, उपकार झाले.

स्लॉटचा मुद्दा मी मान्य करतो, बेलोऱ्याच्या वेळेचं कारण तेच असेल. पण मग सरळ विचारतो. नवी मुंबईत आता वर्षाला दोन कोटी माणसांची सोय झाली ना? त्यात सकाळच्या एका एटीआरला जागा लिहून द्या. लहान शहरांच्या विमानांसाठीच्या उडान योजनेत तीन वर्षंच सरकार तूट भरतं, निम्म्या सीटचं भाडं तेवढ्यापुरतंच बांधलेलं असतं. ती मुदत संपायच्या आत धड वेळ मिळाली नाही तर विमान रिकामं जाणार, मग कंपनी गाशा गुंडाळणार आणि तुम्ही पुन्हा विचारणार, बसणारे किती. तुमच्या तिसऱ्या विमानतळाला माझा पाठिंबा पाहिजे असेल तर आधी दुसऱ्यात आमची जागा दाखवा.

खारघरकर
ते माझ्या हातात आहे का? आणि नवी मुंबईत उतरून परळला जायला किती वेळ लागतो तेही विचारा एकदा.

उंबर्डेकर
म्हणजे तिथे जागा मिळाली तरी आमच्या पेशंटचा उपयोग नाही, हे तुम्हीच सांगताय. उत्तम.

सरकी
बागवान, डब्यांचं राहिलं. आमच्याकडे अचलपूर स्टेशनावरचे फोटो आहेत, टपावर माणसं बसलेली. उद्या टाकतो.

बागवान मोर्शी
टाका. यात्रेच्या दिवशीचा नको, साध्या मंगळवारचा टाका.

धुऱ्यावरचा
फोटो टाका नाही त नका टाकू. कारंज्याच्या मार्केटात उद्या कापसाचा काटा चालू हाय का, तेवढं सांगा कोणी. गाडी भरून ठेवली हाय.