सल्ला हवा: थेट कार्यक्रमासाठी रेडिओ ऑटोमेशन सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका छोट्या सामुदायिक रेडिओची तांत्रिक बाजू मी बघते. सकाळी ६ ते रात्री ८ प्रक्षेपण असतं. सामान म्हणाल तर विंडोजचा एक संगणक (८ जीबी रॅम), आठ चॅनेलचा मिक्सर आणि दोन माइक. शिवाय एक जुना संगणक कपाटात पडून आहे. आजवर साध्या प्लेअरमध्ये दिवसाची यादी लावायची आणि हाताने पुढे ढकलत राहायचं, असंच चालत आलंय. ध्वनिमुद्रित कार्यक्रमांना ते पुरतं. थेट कार्यक्रमाला पुरत नाही, हे गेल्या महिन्यात कळलं.

दर गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता आमचा द्राक्ष बागायतदारांसाठी फोन-इन असतो. त्या आठवड्यात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) झालेली होती, तीन दिवस आभाळ भरलेलं, आणि डाऊनी म्हणजे केवडा रोगाच्या धास्तीने फोनवर फोन येत होते. कृषितज्ज्ञ फोनवरूनच बोलत होते. मध्येच त्यांचा कॉल तुटला. माइकवर दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी एकटी होती. तिने माइक बंद केला आणि ती नंबर फिरवायला लागली. संगणकावर पुढचं काहीच लावलेलं नव्हतं. चार मिनिटं हवेत पूर्ण शांतता. ती मुलगी चांगली निवेदक आहे, पण तेव्हापासून थेट कार्यक्रमाला बसायला कचरते.

आता मला असं सॉफ्टवेअर हवंय जे एरवी दिवस आपोआप चालवेल, थेट कार्यक्रमाला बाजूला होईल आणि संपल्यावर परत ताबा घेईल. मे महिन्यात गोदाघाटावरच्या व्याख्यानांचं थेट प्रक्षेपण करायचीही इच्छा आहे. बजेट ४०,००० रुपये, त्यातच यूपीएसही बसवायचा आहे. मुलं दरवर्षी बदलतात, त्यामुळे शिकवायला सोपं हवं. काय घेऊ?

सातपूर_सर्किट

रेडिओडीजे बघा. विंडोजवर चालतं आणि मोफत आहे. त्याच्याखाली मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी डेटाबेस बसवावा लागतो, पहिल्या दिवशी तेवढंच काय ते किचकट. गाणी, जिंगल, जाहिराती यांचे वेगवेगळे गट करता येतात, ठरलेल्या वेळेला इव्हेंट चालवता येतात. प्लेइट लाइव्ह हाही विंडोजवरचा चांगला पर्याय आहे, मूळ आवृत्ती मोफत आणि काही जादा सोयी विकत. दोन्ही आठवडाभर वापरून बघा आणि मुलांच्या हाताला जे बसेल ते ठेवा. सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. पैसे यूपीएस आणि चांगल्या साउंड कार्डावर घाला.

साउंड कार्डाचं खास सांगतो. प्रक्षेपणासाठी बाहेरचं यूएसबी कार्ड घ्या आणि संगणकाचे स्वतःचे आवाज मदरबोर्डवरच्या कार्डाकडेच राहू द्या. नाहीतर कुणाचा ईमेल आला की त्याची घंटी गावभर ऐकू जाते. अपडेट आणि स्लीप मोड यांच्या वेळाही आधी बघून घ्या. आमच्या आधीच्या स्टुडिओत भर दुपारी संगणक आपणहून रीस्टार्ट झाला होता.

जुनी_टेप

ताई, सर्वात आधी त्या मुलीला परत माइकवर बसवा. चूक तिची नव्हती. कॉल तुटल्यावर काय करायचं हे तिला कुणी ठरवूनच दिलेलं नव्हतं.

मी आकाशवाणीतून निवृत्त झालो, बरीच वर्षं ड्यूटी रूममध्ये काढली. टेपवर चालणाऱ्या काळापासून संगणकापर्यंतचा प्रवास पाहिला. त्यावरून सांगतो, सॉफ्टवेअर निवडताना एकच प्रश्न विचारा: थेट आवाज तुटला तर पुढच्या पाच सेकंदांत हवेत काय जाणार? उत्तर मिळालं नाही तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, तुमच्या उपयोगाचं नाही.

थेट कार्यक्रमाची सोय असलेल्या बहुतेक ऑटोमेशनमध्ये साधारण तीन रीती असतात. पूर्ण आपोआप, पूर्ण हाताने आणि मधली लाइव्ह असिस्ट. मधल्या रीतीत एकामागून एक काय लागायचं ते यंत्र सांभाळतं, पण घड्याळाकडे बघायचं काम माणसावर येतं. उदाहरणार्थ रिव्हेंडेल या सॉफ्टवेअरमध्ये लाइव्ह असिस्टवर असताना ठरलेल्या वेळेच्या सुरुवाती पाळल्याच जात नाहीत. ते बरोबरच आहे, पाहुणा बोलत असताना मध्येच सातची जिंगल सुरू होऊ नये. पण कार्यक्रम संपल्यावर कुणी परत आपोआपवर टाकलं नाही, तर सातचा कार्यक्रम सातला लागत नाही. थेट कार्यक्रमानंतरचे घोळ बहुतेक इथेच होतात. मॉनिटरच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा: "उठण्याआधी आपोआप".

दुसरं म्हणजे वेळा दोन प्रकारच्या ठेवा. काही कडक, म्हणजे चालू असलेलं तोडूनसुद्धा लागल्या पाहिजेत अशा. बाकीच्या सवडीच्या, म्हणजे चालू गाणं संपू दे, मग लागू दे. नवीन मंडळी सगळ्याच वेळा कडक लावतात आणि दिवसभर गाणी अर्ध्यावर कापली जातात. भीमपलासीची तान चालू असताना मध्येच खताची जाहिरात लागली की श्रोत्याला किती लागतं, ते मी फोनवर ऐकून घेतलंय. कडक वेळा दिवसात चार-पाचच असाव्यात.

आता फिलर, म्हणजे अडचणीच्या वेळी रिकामी जागा भरायला ठेवलेला आवाज. आमच्याकडे वाद्यसंगीताची एक ध्वनिफीत कायम मशीनवर चढवून तयार असायची. लाइन गेली की फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर, निवेदक दोन वाक्यं बोलणार, मग सावकाश दुरुस्ती. तुम्हीही तेच करा, पण फिलर त्या संगणकावर ठेवू नका. संगणकच अडकला तर फिलरही त्याच्याबरोबर जाईल. पेनड्राइव्हवर वाजणारा एखादा साधा प्लेअर मिक्सरच्या स्वतंत्र चॅनेलला जोडा आणि थेट कार्यक्रमाच्या आधी तो सुरू करून फेडर खाली ठेवा. म्हणजे तो वाजतच असतो, फक्त ऐकू येत नाही. गरज पडली की एक बोट वर करायचं.

आणि क्यू शीट सोडू नका. कागदावरच ठेवा. किती वाजता काय, किती मिनिटं-सेकंदांचं, शेवटचे शब्द कोणते. यंत्राला यादी माहीत असते. पाहुण्याचं शेवटचं वाक्य कोणतं, ते त्याला माहीत नसतं.

इंदिरानगर_लिनक्स

जुनी_टेप काकांच्या फिलरला पूर्ण पाठिंबा. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. कपाटातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून लिब्रेटाइम बसवा. २०१७ मध्ये एअरटाइमपासून वेगळं निघालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. सगळं वेळापत्रक ब्राउझरमध्ये कॅलेंडरसारखं दिसतं. मुलं घरून आपला कार्यक्रम चढवू शकतात. प्रत्येकाला वेगळा अधिकार देता येतो, म्हणजे निवेदकाला फक्त स्वतःच्या कार्यक्रमाची यादी हलवता येते, दुसऱ्याच्या कार्यक्रमाला धक्का लागत नाही. मुलं दरवर्षी बदलतात म्हणताय ना, मग हे तुमच्यासाठी मोठं आहे.

आणि काकांचा पाच सेकंदांचा प्रश्न त्यात मुळातच सोडवलेला आहे. थेट आवाजासाठी दोन दारं असतात, एक मुख्य आणि एक त्या-त्या कार्यक्रमाचं. बाहेरून कुणी जोडलं गेलं की वेळापत्रक आपोआप मागे सरतं, जोडणी तुटली की परत पुढे येतं. आतमध्ये लिक्विडसोप नावाची प्रणाली हे काम करते. आवाजाचे स्रोत पसंतीच्या क्रमाने मांडायचे, वरचा गेला की खालचा वाजतो.

रिव्हेंडेल फार भक्कम आहे, बाहेरची कितीतरी पूर्ण वेळ स्टेशनं त्यावर चालतात, पण एकटीने बसवून निभावणं जड जाईल. अझुराकास्ट मुळात इंटरनेट रेडिओसाठी आहे, तुम्हाला ट्रान्समीटरला आवाज द्यायचाय. मिक्स (Mixxx) या डीजे सॉफ्टवेअरला वेळेप्रमाणे चालणारं वेळापत्रक नाही, त्यामुळे स्टुडिओत मुख्य म्हणून नको.

जुनी_टेप

इंदिरानगर, तुमचं म्हणणं पटतं, पण एक गोष्ट लक्षात घ्या. जोडणी तुटली तर ते परत येईल. जोडणी शाबूत आहे आणि आवाजच नाही, तर? माइकची वायर निघाली, पाहुणा गप्प झाला. त्या गुरुवारी नेमकं हेच झालं. कॉल तुटला, पण स्टुडिओ जोडलेलाच होता.

इंदिरानगर_लिनक्स

बरोबर आहे काका. लिक्विडसोपमध्ये शांतता ओळखायची सोय आहे, रेडिओबॉससारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही असते. पण व्याख्यानात वक्ता दहा सेकंद थांबू शकतो, म्हणून मर्यादा फार कमी ठेवता येत नाही. म्हणजे मान्य, स्टुडिओतल्या शांततेला माणूस आणि फिलर हेच खरं उत्तर.

शिवारातून

मी तांत्रिक माणूस नाही, श्रोता आहे. तो गुरुवारचा कार्यक्रम मी ऐकत होतो, फवारणी करता करता, ट्रॅक्टरवर रेडिओ असतो. आवाज गेला तेव्हा वाटलं आपल्याच रेडिओचे सेल गेले. सेल काढून परत घातले, मग कंटाळून बंद केला. नंतर तज्ज्ञ परत आले असतील तर मला ते कळलंच नाही. कुणी नुसतं "फोन तुटलाय, थांबा" म्हणालं असतं तरी मी थांबलो असतो. गाणं नाही लागलं तरी चालेल, माणूस बोलला पाहिजे.

गोदाकाठची

दादा, हे कुणी सांगितलं नसतं तर मी सगळं यंत्रावरच सोडवत बसले असते. मनापासून आभार.

अजून दोन अडचणी आहेत. फोन करणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, मग तो अडखळतो. आणि घाटावरून थेट करायचं तर नेमकं काय काय लागेल?

सातपूर_सर्किट

फोनचं सोपं आहे. मिक्सरचा एक ऑक्स घ्या, म्हणजे आवाज वेगळा बाहेर नेणारी वाट, आणि तो प्री-फेडर करा, म्हणजे फेडर खाली असला तरी त्यातून आवाज जातो. त्यातून सगळं फोनकडे जाऊ द्या, फक्त फोनचं चॅनेल त्यात शून्यावर ठेवा. कॉलरला बाकी सगळे ऐकू येतील, तो स्वतः नाही. आणि निवेदकाने कॉलरला आधीच सांगावं की घरातला रेडिओ बारीक करा.

घाटासाठी एक लॅपटॉप, छोटा मिक्सर आणि बट नावाचं मोफत सॉफ्टवेअर. ते आवाज इंटरनेटवरून प्रवाह पुरवणाऱ्या आइसकास्ट सर्व्हरकडे पाठवतं आणि त्याच वेळी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रणही करतं. ओपस कोडेकमध्ये (आवाज दाबून लहान करायची पद्धत) ६४ केबीपीएसला बोलणं अगदी स्वच्छ जातं, त्यामुळे नेट थोडं कमी असलं तरी भागतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. गर्दीत एका कंपनीचं नेट बसतं, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर रामकुंडाजवळ मोबाइलच्या भरवशावर राहूच नका, तारेची जोडणी शोधा. स्टुडिओत तो प्रवाह दुसऱ्या संगणकावर उघडून मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला आणा. ऑटोमेशनचं चॅनेल वेगळं, घाटाचं वेगळं, फिलरचं वेगळं. तिन्ही एकाच संगणकात कोंबू नका.

पुस्तकपान

थोडं नियमांचं. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण स्थानिक प्रशासनाकडून आलेली हवामान, पाणी, वाहतूक, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती चालते. म्हणजे पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि प्रशासनाने कळवलं, तर ते थेट सांगता येतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, यावरून पुराचा अंदाज घ्यायला नाशिककर विचारतातच. ऑगस्ट २०१६ च्या पुरानंतर तर जास्तच. त्यासाठी एक "तातडी" बटण आजच तयार करून ठेवा, मग ऐन वेळी यादीत शोधाशोध करावी लागणार नाही.

शिवाय प्रक्षेपित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. ऑटोमेशनची नोंद म्हणजे फक्त नावं, थेट बोललेलं त्यात येत नाही. ट्रान्समीटरकडे जाणारा आवाजच वेगळा ध्वनिमुद्रित करा. ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री असेल तर चोवीस तासांचे सुमारे ७०० एमबी होतात, ९० दिवसांचे ६२ जीबीच्या आसपास. तुमचं तर १४ तासांचंच आहे.

गोदाकाठची

करून बघितलं, म्हणून कळवते. मुख्य संगणकावर रेडिओडीजे बसवलं, कारण मुलांना विंडोज येतं आणि कार्यक्रम या आठवड्यातच होता. लिब्रेटाइम कपाटातल्या संगणकावर दिवाळीच्या सुट्टीत बसवणार आहे. अधिकारांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सॉफ्टवेअरला काही खर्च आला नाही, बरेचसे पैसे यूपीएस, यूएसबी साउंड कार्ड आणि फिलरच्या प्लेअरवर गेले.

फिलरमध्ये दिंडोरीकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या घातल्या, आम्हीच गावात जाऊन त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केलेल्या. तबला-सतार ऐकून लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय, ओवी ऐकून तसं वाटत नाही.

बुधवारी ट्रान्समीटर बंद ठेवून सराव घेतला. मी न सांगता फोनची वायर काढली. त्या विद्यार्थिनीने या वेळी माइक बंद केला नाही. म्हणाली, "सरांचा फोन तुटलाय, आम्ही परत लावतोय, तोवर ऐका," आणि फिलरच्या, म्हणजे सातव्या चॅनेलचा फेडर वर. चार सेकंद लागले. मग पाचदा केलं, शेवटी दोनच लागले. उद्या ६ वाजता तीच बसणार आहे.

एकच शंका राहिली. घाटावरच्या निवेदकाने कानात काय ऐकायचं? स्टुडिओचं बोलावणं त्याला कसं कळणार?

इंदिरानगर_लिनक्स

आपलं प्रक्षेपण कधीच ऐकू देऊ नका. आवाज सर्व्हरमधून फिरून येतो, स्वतःचाच आवाज काही सेकंदांनी कानात पडला की माणूस बोलू शकत नाही. स्टुडिओतून त्याला साधा मोबाइल कॉल लावून ठेवा, इअरफोन एका कानात. मिक्सरच्या दुसऱ्या ऑक्समधून त्याला निवेदिकेचा आवाज द्या, घाटाचं चॅनेल वगळून. फोनसाठी आत्ता जसं केलंत तसंच. आणि "आता घाटावर जाऊ या" म्हटल्यावर घाटाचा आवाज यायला जो वेळ लागतो तो आधी एकदा घड्याळ लावून मोजा. निवेदिकेने तेवढं एक वाक्य जास्तीचं तयार ठेवायचं.

गोदाकाठची

समजलं. ते वाक्य क्यू शीटवरच लिहून देते.