धंदा बुडाला, कर्ज 'सेटल' केलं. आता भाड्याचं घर आणि पुढे गृहकर्ज कसं जमवावं?

लेथवाला
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली.

भोसरीत माझं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक सीएनसी, सगळं जॉबवर्क. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मोठ्या पार्टीचं पेमेंट अडकलं आणि 2021 च्या दिवाळीत शटर खाली केलं ते केलंच. सीएनसी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. ती विकून उरलेली तूट आणि एक पर्सनल लोन 2022 मध्ये सेटल केलं, म्हणजे ठरलेली कमी रक्कम भरून मिटवलं, बाकीची त्यांनी माफ केली. क्रेडिट कार्ड मात्र पूर्ण फेडलं, बायकोच्या पाटल्या मोडून.

आता चाकणला टूलरूममध्ये नोकरी करतो, हातात 46 हजार येतात. बायको अनुदानित शाळेत शिक्षिका, तिच्या हातात 52. तीन वर्षं मेव्हण्याच्या वरच्या खोलीत राहतोय. मेव्हणा देवमाणूस आहे, पण मुलगी दहावीला आलीय आणि अभ्यासाचं टेबल रात्री उचलल्याशिवाय आमची गादी पडत नाही.

माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा क्रेडिट स्कोअर, 618. घरमालक हे बघतात का? गृहकर्जाचं नाव कधी काढावं? आणि एक ओळखीचा म्हणतो, कोर्टातून रीतसर दिवाळखोरी जाहीर करून घे, पाटी कोरी होते. खरं आहे का?

कोथरूडची काकू
अहो, माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत आणि आजवर एकाही भाडेकरूचा सिबिल मी विचारलेला नाही. मी विचारते ते नोकरी कुठे, माणसं किती, आधीचं घर का सोडलं. तुमच्या पगाराच्या तीन स्लिपा आणि सूनबाईंच्या शाळेचं पत्र पुढे ठेवा, बस. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं लागेल. विचारलं तर खोटं बोलू नका, पण न विचारता पुराणही लावू नका. एक गृहस्थ माझ्याकडे चहाचा कप हातात धरून अर्धा तास धंद्याची कर्मकहाणी सांगत बसले. चहा पार गार झाला. मी घर दिलं, पण दुसऱ्या कोणी दिलं असतं का, शंकाच आहे.

अकरा महिन्यांचा करार रजिस्टरच करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. "नोटरीवर भागवू" म्हणेल त्याला लांबून नमस्कार. हाच कागद उद्या बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

काळा कोट
तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग अजून सरसकट लागू झालेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू आहे. तुमच्यासारख्या एकट्या मालकाला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, मुंबई शहरात 1909 चा. तारखांवर तारखा. आणि कोर्टाने नादार ठरवल्यावर मुक्तता मिळेपर्यंत, ते न सांगता कोणाकडून पन्नास रुपयांची जरी उधारी घेतलीत तरी गुन्हा! होय, पन्नास. रक्कम 1920 ची आहे. तुमची कर्जं मिटलेली आहेत, आता कोर्टाकडे मागायचं तरी काय? त्या ओळखीच्याला चहा पाजा आणि विषय बदला.

ठोक_एजंट_77
माझ्याकडे माणूस आहे, 15 दिवसांत सिबिल 750 करून देतो. खर्च 12 हजार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त बँकवाला
वरच्या साहेबांना व्यनि करू नका. पैसे भरून नोंद पुसता येत नाही. नोंद चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते, आणि 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हालाच मिळते. नोंद खरी असेल तर ती कोणाचा बापही काढू शकत नाही.

सहकारी बँकेत तीस वर्षं कर्जाच्या फायली बघितल्या, म्हणून थोडं सविस्तर. लोक आकड्याला घाबरतात. आम्ही आधी शब्द बघायचो. फाइलवर 680 असेल आणि सगळी खाती 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडून बंद, तर बोलणी होतात. 720 असेल आणि एका ओळीत 'सेटल्ड', तर साहेब पेन खाली ठेवतात. सेटल्ड म्हणजे एका बँकेने या माणसापायी पाणी सोडलंय, हे दुसऱ्या बँकेला बरोबर कळतं. सेटलमेंटनंतर किमान 12 महिने त्याच बँकेने नवं कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे. ती मुदत तुमची उलटली, पण शब्द तिथेच आहे.

तेव्हा सेटलमेंटचं जुनं पत्र काढा. किती माफ झालं ते त्यात असेल. ती रक्कम भरायची तयारी दाखवून बँकेला लेखी अर्ज द्या आणि खातं 'क्लोज्ड' दाखवण्याचं आधी लेखी घ्या. पैसे नंतर. हा क्रम चुकवू नका.

दरम्यान 25 हजारांची एफडी करून तिच्यावर कार्ड घ्या. महिन्याला किराणा तेवढा त्यावर, बिल पूर्ण भरायचं. आणि पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टात उमटते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने काही होत नाही. सिबिलसारख्या क्रेडिट रिपोर्ट काढणाऱ्या चारही कंपन्या वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत देतात.

पुन्हा_उभा
बँकवाल्या काकांना दुजोरा. माझे 83 हजार माफ झाले होते, ते चार वर्षांनी भरले. शाखेतली मॅडम आधी ऐकूनच घेईना. "साहेब, तुमचं खातं संपलंय, आता पैसे कशाला भरताय?" तिसऱ्या फेरीला मॅनेजरने जुनी फाइल मागवली, तिच्यावर सुतळी बांधलेली होती आणि आतल्या टाचण्यांना गंज चढलेला. पैसे भरले, नो ड्यूज मिळालं, महिन्याभराने रिपोर्टात शब्द बदलला. आकडा मात्र लगेच उडी मारत नाही. मागच्या 36 महिन्यांचा हप्त्यांचा तक्ता दिसतच राहतो.

न्यूजर्सीकर
इथे उलटा कारभार. घर भाड्याने घेतानाच क्रेडिट रिपोर्ट मागतात. चॅप्टर 7 ची, म्हणजे मालमत्ता विकून कर्जातून मोकळं होण्याची, दिवाळखोरी त्यावर 10 वर्षं दिसते. जास्त डिपॉझिट देतो म्हणावं, तर या राज्यात दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या मित्राला शेवटी एका गुजराती काकांनी त्यांच्या घराचं तळघर दिलं. गंमत म्हणजे कोर्टाने मोकळं केल्यावर दोन वर्षांनी एफएचएचं (सरकारी हमीचं) गृहकर्ज मागता येतं. म्हणजे घर विकत घेणं भाड्यापेक्षा सोपं! तुमच्याकडे निदान काकूंसारख्या घरमालकिणी आहेत.

कोथरूडची काकू
तळघर! अरे देवा.
लेथवाले, घर सूनबाईंच्या एकटीच्या नावावर घ्यायचा विचार केलात का? महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं, आणि कर्जही त्यांच्या एकटीच्या पगारावर.

निवृत्त बँकवाला
काकूंचं बरोबर आहे, पण आधी त्यांचाही रिपोर्ट काढा. घराच्या कागदावर तुमचं नाव आलं की बँक बहुधा कर्जातही घेते आणि तुमची ओळ फाइलमध्ये येते. नुसत्या 52 हजारांवर हप्ता 25 हजारांच्या आसपास बसेल. शिवाय 30 लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्के. मुद्रांकाचे पैसे खिशातूनच.

लेथवाला
सगळ्यांचे आभार. चिखलीत वन बीएचके बघितला, भाडं 13 हजार, डिपॉझिट 40. मालक एसटीतून निवृत्त झालेले. सिबिल सोडा, त्यांनी फक्त गाडी किती आणि कुत्रं आहे का विचारलं. करार सोमवारी रजिस्टर होतोय.

आता दुसरी बातमी. काल रात्री हिचा रिपोर्ट मोबाइलवर काढला. पहिल्या पानावर सगळं हिरवंगार, आणि खाली सीएनसीचं कर्ज. जामीनदार म्हणून हिचं नाव. 2018 मध्ये फायनान्सवाल्याच्या टेबलावर "वहिनी, इथे एक सही" म्हणून फॉर्म सरकवला होता, ते मी विसरूनच गेलो होतो. ही नव्हती विसरली. काही बोलली नाही, चष्मा काढून ठेवला आणि वह्या तपासायला बसली.

निवृत्त बँकवाला
असं फार घरांत निघतं. मग तूट आधी त्याच कर्जाची भरा, पर्सनल लोन मागून. पहिल्याचा शब्द बदलला की दोघांचे रिपोर्ट एकदम सुधारतील. पत्रात किती माफी आहे?

लेथवाला
1 लाख 40 हजार. पर्सनल लोनची 95. दोन्ही एकदम जमणार नाहीत, तेव्हा तुम्ही म्हणता तसं सीएनसीचं आधी. या शनिवारी अर्ज घेऊन जातो. तिसरा शनिवार आहे, ऑफिस उघडं असतं. तीही येते म्हणाली. सही तिची आहे ना, म्हणाली.