वाईच्या माळ्यावर सापडलेली ‘ग्रहलाघवा’ची पोथी आणि तिच्यासोबतची अष्टकोनी काठी

गंगापुरीकर (वाई, जि. सातारा) :

नमस्कार. वाईला गंगापुरीत आमचा जुना वाडा आहे. घर शाकारण्यासाठी गेल्या आठवड्यात माळा रिकामा करताना लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा मिळाला. त्यात दोन लाकडी पाट्यांच्या मध्ये ठेवलेली गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या पंचांग-गणिताच्या ग्रंथाची हस्तलिखित पोथी होती आणि त्याच फडक्यात तिला लागून एक आठ पैलूंची काठी बांधलेली होती. काठी सव्वादोन फूट लांब असून प्रत्येक पैलूवर वरच्या बाजूला एक बारीक भोक, त्याशेजारी राशींची अक्षरे आणि खाली आडव्या रेघा व आकडे कोरलेले आहेत. ‘मकर’ असलेल्या पैलूवर तेरा रेघा असून त्या भोकाखालच्या पासष्ट मिलिमीटरांतच दाटल्या आहेत, तर ‘कर्क’ असलेल्या पैलूवर सोळा रेघा विरळ होत होत जवळजवळ खालच्या टोकापर्यंत गेल्या आहेत. त्याच्या शेजारच्या ‘मिथुन–सिंह’ पैलूवर मात्र पंधराच रेघा दिसतात आणि एक पैलू पूर्ण कोरा आहे. या रेघा झिजून गेल्या असतील का? पोथीत शके १४४२ असा आकडा स्पष्ट आहे, त्यामुळे ती पाचशे वर्षांची आहे असे आमचे काका म्हणतात. काठीला तेल लावून ती पुसून घ्यावी, असा घरच्यांचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पोथीवाचक (सातारा) :

सर्वप्रथम एक कळकळीची विनंती. काठीला तेल लावू नका आणि पोथीच्या फाटलेल्या पानांना चिकटपट्टीही लावू नका. जुने लेखक पोथीच्या शेवटी ‘तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राख’ अशा अर्थाचा श्लोक लिहीत असत. तो आपल्या पोथीतही असण्याची शक्यता आहे.

शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हे ग्रंथाच्या गणिताचे आरंभवर्ष आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी त्या वर्षापासून दिवस मोजण्याची सोय केली, म्हणून ‘ग्रहलाघवा’च्या प्रत्येक नकलेत, ती कोणत्याही शतकात केलेली असो, हा आकडा येणारच. नकलेचे वर्ष नक्कल करणाऱ्याने दिले असेल तर ते शेवटच्या पानावरील पुष्पिकेत, म्हणजे समारोपाच्या नोंदीत, मिळेल. ते पान गहाळ असेल, तर समासातली आकडेमोड पाहा, कारण माझ्या मते अशा पोथीचे खरे मोल तिथेच असते. या ग्रंथात इष्ट शकातून १४४२ वजा करून बाकीला ११ ने भागतात. भागाकार म्हणजे चक्र, आणि एका चक्राचे दिवस ४०१६. पंचांग करणाऱ्याने ही वजाबाकी समासात केली असेल, तर त्यावरून त्याने पोथी कोणत्या वर्षी उघडली होती ते सरळ कळते.

गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे दोघेही आकाश पाहून गणित सुधारणारे होते. सूर्यसिद्धान्ताचा चंद्र घेताना त्यातून नऊ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करा, असे ‘ग्रहलाघवा’त स्पष्ट सांगितले आहे. ज्या माणसाने ‘ज्या’ आणि ‘चाप’ (त्रिकोणमितीतील साइन आणि कंस) टाळून सामान्य ज्योतिष्याला पेलेल असे गणित दिले, त्यानेच सावलीवरून वेळ सांगणाऱ्या काठीवर ‘प्रतोदयंत्र’ नावाची छोटी रचनाही केली. प्रतोद म्हणजे चाबूक. आपली काठी त्याच जातीची वाटते, म्हणून ती आणि पोथी कृपया एकत्रच ठेवावीत.

निवृत्त भूगोल-शिक्षिका (सांगली) :

वरील ओळख मला पटते, आणि रेघा झिजलेल्या नाहीत असेही मी खात्रीने सांगू शकते. ही काठी उभी लोंबती धरून, त्या दिवसाच्या पैलूवरच्या भोकात एक आडवी काडी खोवतात आणि तो पैलू सूर्यासमोर करतात. काडीची सावली पैलूवर सरळ खाली पडते. ती जिथे टेकते तो आकडा सकाळी सूर्योदयापासून गेलेल्या घटी (एक घटी म्हणजे २४ मिनिटे किंवा ६० पळे) दाखवतो आणि दुपारनंतर सूर्यास्ताला उरलेल्या.

वाईला सर्वांत लहान दिवस सुमारे २७ घटी २० पळांचा असतो, त्याचा अर्धा भाग पावणेचौदा घटींच्या आत राहतो, म्हणून मकरेला तेराच रेघा. सर्वांत मोठा दिवस ३२ घटी ४० पळांचा, म्हणून कर्केला सोळा. मिथुन आणि सिंह यांच्या आरंभी दिवस जवळपास तेवढाच असतो, पण तेव्हा वाईत भर दुपारी सूर्य डोक्यावरून दोन अंशच ढळलेला असतो आणि सावली काडीच्या पंचवीसपट लांब होते. सोळावी रेघ काठीबाहेर गेली असती, म्हणून कारागिराने ती काढलीच नाही. बारा राशींच्या आरंभी सूर्याच्या क्रांती (विषुववृत्तापासूनची कोनीय अंतरे) वेगवेगळ्या अशा सातच असतात, त्यामुळे आठवा पैलू कोरा राहणे हेही हिशेबाला धरूनच आहे.

हरवलेल्या काडीची लांबीही काढता येते. मकरेच्या माध्यान्ही सावली काडीच्या सुमारे १.१३ पट पडते, म्हणून ६५ भागिले १.१३, म्हणजे सुमारे साडेसत्तावन्न मिलिमीटर. यंत्र नेमके कोणत्या गावासाठी केले, हे मात्र रेघांवरून ठरवणे कठीण आहे. बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, विषुवदिनी पडणारी माध्यान्ह-सावली, म्हणजे पलभा, वाईची ३ अंगुळे ५३ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग), साताऱ्याची ३।५० आणि सांगलीची ३।३८ येते, वाई–साताऱ्यामधला फरक रेघेच्या जाडीतच हरवून जातो. पलभेचा आकडा पोथीतच शोधावा.

गंगापुरीकर (वाई, जि. सातारा) :

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. शेवटचे पान नाही, पण चौथ्या पानाच्या समासात, मूळ अक्षरापेक्षा बारीक आणि घाईच्या अक्षरात, ‘२६५’ आणि त्याखाली ‘चक्र २४ शेष १’ असे सापडले. २६५ मध्ये १४४२ मिळवल्यावर शके १७०७ येते, म्हणजे इसवी सन १७८५. त्याच पानावर ‘पलभा ३।५०’ असेही आहे, तेव्हा हे गणित साताऱ्यासाठी केलेले दिसते. काकांना मी हे वाचून दाखवले. पाचशे वर्षे गेल्याचे त्यांना वाईट वाटले नाही, उलट ते समासातील वजाबाकी भिंग घेऊन बराच वेळ पाहत बसले. तेलाचा विचार सोडला आहे.

बांबूची साडेसत्तावन्न मिलिमीटरांची एक कामटी कापून, भोकाला ताण पडणार नाही इतपत सैल बसवली. २२ मे रोजी, सूर्य सायन (विषुवापासून मोजलेल्या) मिथुन राशीच्या आरंभी असताना, सकाळी ८ वाजून ३४ मिनिटांनी अंगणात ‘मिथुन–सिंह’ पैलू सूर्यासमोर धरला. त्या दिवशी वाईला सूर्य सहाच्या दोन मिनिटे आधी उगवला होता. सावली सहा आणि सात या रेघांच्या बरोबर मध्ये टेकली.