विजापूर दोन दिवस: गोल घुमटाशिवाय काय बघू?

फोंडेकर:
डिसेंबरात बायको, दोन मुलं आणि बाबांना घेऊन गाडीने विजापूरला जायचा बेत आहे. गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगाव, मग पुढे. बाबांचे गुडघे धरलेत. आणि नुसत्या कबरीच बघायच्या म्हणून मुलांनी आत्ताच तोंडं पाडलीत. काय बघू, काय गाळू?

माशेलची_सून:
गोल घुमट सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. नंतर शाळांच्या सहली येतात आणि घुमटाच्या आत कडेने फिरणाऱ्या सज्जात प्रतिध्वनी ऐकायला जो तो किंचाळतो. कुजबूज ऐकायला गेलेली मी कान दाबून खाली आले! शांतता असेल तर भिंतीशी तोंड नेऊन हळू बोला, समोर अडतीसेक मीटरवर लख्ख ऐकू येतं. पण सज्जा पार वर, कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या अरुंद, उंच पायऱ्यांनी. बाबांना चढवू नका. समोर नगारखान्यात म्युझियम आहे, तिथे रमतील. ते शुक्रवारी बंद.

डिचोलीकर:
घुमट मोठा आहे, १६५६ चा, मान्य. पण देखणा म्हणाल तर इब्राहिम रोझा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा. 'किताब-ए-नवरस' या आपल्या गीतांच्या पुस्तकात सरस्वतीला वंदन करणारा तोच. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, आणि खिडक्यांना दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्या. उन्हं कलताना जा, घाई करू नका.
तुम्ही फोंड्याचे म्हणून सांगतो, तुमची सफा मशीद १५६० ची, आदिलशाहीतलीच. त्याच सुमाराला मंगेशीचा देव मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, तेव्हा तिथेही राज्य आदिलशहांचंच होतं.

फोंडेकर:
सफा मशिदीवरून रोज जातो, आत एकदाही गेलो नाही! जोड घुमट कसा?

म्हापसेकर:
जा, पण तो नुसता बघायचा देखावा समजू नका. एका घुमटाखाली सरदार खान मुहम्मद, दुसऱ्याखाली पीर अब्दुल रझाक कादिरी. पिराच्या दर्ग्यात लोक आजही नवसाला येतात. चपला बाहेर, डोक्याला रुमाल, फोटो विचारूनच. आमच्यातला एकजण सेल्फी घेत बसला, मुजावराने शांतपणे बाहेरची वाट दाखवली. बरं झालं.
मुलांना मुलूख मैदान तोफ दाखवा. तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती कोरलाय, तो शोधायला लावा. बारा कमान वाटेवरच, अर्धवट राहिलेली, छप्परच नाही. दहा मिनिटं पुरे.

माशेलची_सून:
आणि जेवण खानावळीतच. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. मासे विसरा दोन दिवस.

फोंडेकर:
शुक्रवार टाळला. बाबांना पायऱ्यांचं सांगितलं, तर म्हणतात, मी चढणार, म्युझियममध्ये तूच बस.